चला, येते

१

उंबऱ्यावरून निघताना ‘येते’ म्हणायचं नाही, ‘जाते’ म्हणायचं. आणि का, ते विचारायचं नाही.

दिशाला हा नियम चालायला लागल्यापासून माहीत होता. आता कुणाही मराठी माणसाला विचारा, नियम असतो तो बरोबर याच्या उलट. घरातून निघताना चुकून ‘जाते’ म्हटलं की थोरली माणसं अंगावर येतात, ‘जाते काय म्हणतेस? येते म्हण!’ दवाखान्यात निघालेला म्हातारासुद्धा ‘येतो’ म्हणूनच रिक्षात बसतो. निरोप देणारा म्हणतो, ‘ये.’ एवढ्यावर सगळ्या मुलखाची ये-जा चालते. फक्त निरवांगीच्या या एका घरात, आणि तेही एकाच जागेपुरतं, उलटं होतं.

बरं, घर अंधश्रद्धाळू म्हणावं तर तेही नाही. आबा, म्हणजे दिशाचे आजोबा रामभाऊ, दहा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला आणि घरातले देव नीरेच्या पाण्यात सोडले. तेव्हापासून या घरात देव्हारा नाही, नवस नाही, दारावर लिंबू-मिरची नाही. अमावस्या बघून मुद्दाम त्या दिवशी स्लॅब टाकला. पप्पा, बुद्धघोष, हायस्कूलला विज्ञान शिकवतात आणि बुवाबाजीवर गावोगाव व्याख्यानं देतात. दिशाची आई गेल्यापासून घर तुळसाआत्याच्या हातात, आणि आत्या म्हणजे मांजर आडवं गेलं तर मांजरालाच शिव्या घालणारी बाई.

आणि अशा घरात हा एक नियम.

उंबरा ही त्यांचीच जमीन. निरवांगी आणि शेळगावच्या मधल्या माळावर सहा एकर पडीक, घरापासून अडीच किलोमीटर. तिथं काळ्या दगडाची एक सरळ पट्टी जमिनीतून वर आली आहे. गुडघ्याएवढी उंच, वीस-बावीस पावलं लांब. भूगोल शिकताना दिशाला कळलं की असल्या पट्ट्या दख्खनभर आहेत, लाव्हा भेगेत थिजला की होतात. पण लांबून पाहिलं तर कुणी घर बांधायला काढलं, उंबरा बसवला आणि तेवढ्यावरच सोडून दिलं असं वाटतं. पलीकडे जमीन थोडी खोलगट आहे. गुरं दगडाच्या अलीकडेच चरतात.

आठवीत असताना तिनं विचारलं होतं, “पण का?” पप्पांनी थोबाडीत दिली. आयुष्यात एकदाच. त्याआधी दहा मिनिटं ते तिला गुरुत्वाकर्षण समजावून सांगत होते. मार बसल्याचा राग तिला नव्हता. विज्ञानाच्या मास्तरानं उत्तराच्या जागी हात उचलला, याचा होता. चोविसाव्या वर्षीही तो राग तसाच ताजा होता.

२

दिशाचं काम शांत जागा शोधायचं. लोकांना सांगितलं की हसत. “माळावर शांतता शोधाया पगार मिळतो व्हय?” असं आबा विचारत. पण शहरातली माणसं तंबू घेऊन धरणाकाठी जात आणि तिथं शेजारच्या तंबूतला स्पीकर ऐकून परत येत, हे तिनं पुण्यात दोन वर्षं नोकरी करताना पाहिलं होतं. नोकरी सोडून ती गावी आली. बारामतीचा नागेश तिचा कॉलेजातला मित्र, त्याच्याकडे जुनी जीप होती. दोघांनी मिळून काम सुरू केलं. डांबरी सोडून आत शिरायच्या वाटा जीपनं, जीप अडली की पायी, ॲपवर उतरवायच्या, आणि वाटेच्या टोकाला मुक्कामाची जागा ठरवायची.

जागा पसंत करायची तिची एक पद्धत होती. फोन दगडावर ठेवायचा आणि दोन मिनिटं नुसता आवाज रेकॉर्ड करायचा. तो आवाज ॲपवर जागेच्या फोटोखाली टाकायचा. शांतता आहे म्हणून सांगायची गरजच नाही, ऐका आणि या.

या दोन मिनिटांनी त्यांचा जीव काढला होता. सुप्याकडे चिंकारांच्या अभयारण्यात मुक्काम करता येत नाही आणि त्याच्या बाहेर बोअरची गाडी घरघरत असते. एका टेकडीमागे छान जागा सापडली, तर रेकॉर्डिंगमध्ये ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरचं गाणं पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत आलं. एका गावात सरपंचांनी चहा पाजला आणि म्हणाले, “ताई, जागा द्यू की. पर तुमच्या घरचं कुणी थोरलं माणूस घिऊन या.” दिशानं चहा अर्धा टाकला आणि उठली.

शेवटी नीरेच्या काठावरची एक आमराई ठरली. पहिली तुकडीही ठरली. पुण्याच्या बारा बायका, शनिवारी दुपारी येणार, रविवारी सकाळी जाणार. आणि आदल्या रविवारी आमराईवाल्याचा फोन आला की शनिवारी तिथं साखरपुडा आहे, पाचशे माणूस.

“बारा बायकांना आता काय माझ्या गच्चीवर झोपवू?” नागेश म्हणाला.

“माझ्याकडे जागा आहे,” दिशा म्हणाली.

३

मंगळवारी सकाळी साडेदहाला ते निघाले. घरी तिनं काही सांगितलं नव्हतं. शेळगावच्या वाटेनं ओढ्यापर्यंत जीप नीट गेली आणि ओढ्यात बसली. नागेश शर्ट काढून चाकाखाली दगड सारायला लागला. दिशा पाण्याची बाटली घेऊन पुढं चालू पडली. ओढ्यापासून उंबरा अर्धा किलोमीटर.

ऊन चांगलंच वर आलं होतं. माळावर वारा होता, कुसळी गवत एका बाजूला झुकलं होतं, पँटला कुसळं टोचत होती. टिटवी ओरडत होती. दिशा काळ्या दगडावर चढली आणि पलीकडे उतरली.

पलीकडे वारा नव्हता.

खोलगट जागा, वारा वरून जाणार, असं तिनं मनाशी म्हटलंही. माती राखेसारखी मऊ होती, तंबूच्या खुंट्या ठोकायला उत्तम. सावलीला हिवराची दोन झाडं. ती एका हिवराखाली बसली, सपाट दगडावर फोन ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं.

इतकी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती. टिटवी थांबली होती. नागेशची जीप घरघरत असणार, तीही नाही. पण भीती वाटावी असं काही नव्हतं. उलट, चांगल्या घरात गेल्यासारखं वाटत होतं. उन्हातून यावं, कुणी पाणी आणून द्यावं, आणि काय-कुठून न विचारता बसू द्यावं, तसं. तिला वाटलं, दोन मिनिटं झाली असतील. घड्याळ पाहिलं तर वीस मिनिटं झाली होती.

ती उठली, मागची माती झटकली, फोन उचलला आणि कुठल्याही घरातून उठताना म्हणतो तसं सहज म्हणाली, “चला, येते.”

म्हणाली आणि मग लक्षात आलं. एक पाय उंबऱ्यावर होता. ती स्वतःशीच हसली. सुधारून घ्यावं असं एक क्षण वाटलं, आणि दुसऱ्या क्षणी गालावर जुनी थोबाडीत आठवली. तिनं शब्द सुधारला नाही. दगडावरून उडी मारली आणि वाऱ्यात आली.

४

रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं होतं. घरी आल्यावर जेवून, खोलीचं दार लावून, हेडफोन घालून ती ऐकायला बसली. चांगली सलग दोन मिनिटं कापून घ्यायची आणि ॲपवर टाकायची.

कापायला काही नव्हतंच. वीस मिनिटं सगळी सारखी. शेवटी कपडे झटकल्याचा आवाज. मग तिचा स्वतःचा, “चला, येते.”

मग चार सेकंद काही नाही. मग,

“ये.”

दिशानं मागं घेऊन पुन्हा ऐकलं. बाईचा आवाज होता. घोगरा नाही, कुजबुज नाही, काही नाही. पिठात हात असलेली बाई मान वर न करता म्हणते, तसा. बाहेर ओट्यावर आत्या भांडी लावत होती. दिशा रोज सकाळी निघताना ‘आत्या, येते गं’ म्हणायची आणि आत्या अगदी असंच ‘ये’ म्हणायची.

प्रतिध्वनी, तिनं ठरवलं. पण प्रतिध्वनीत शेवटचं अक्षर परत येतं. ‘येते’चा प्रतिध्वनी ‘ते’ यायला हवा. आणि चार सेकंदांनी यायचा तर समोर दूरवर कडा हवा, माळावर कडा कुठला? तिनं वहीत आवाजाचा वेग मांडला, गुणाकार केला आणि वही मिटली.

तिनं तेवढा तुकडा नागेशला पाठवला. “हा कुणाचा आवाज आहे?”

त्याचं उत्तर लगेच आलं. “तुझाच. काय बावळट प्रश्न आहे?”

“पहिला माझा. दुसरा?”

“दोन्ही तुझेच.”

तिनं दोन मिनिटं कापली, फोटोखाली टाकली. खाली लिहिलं, ‘पूर्ण शांतता. सपाट, मऊ जमीन. वारा लागत नाही.’ संध्याकाळपर्यंत बाराच्या बारा बायकांचे बदाम येऊन पडले.

५

गुरुवारी सकाळी ॲपवर वाट तपासताना तिला उंबऱ्याच्या खुणेखाली आकडा दिसला. ‘तुमच्या भेटी : ३’. मंगळवार सकाळ. मंगळवार संध्याकाळ, सहा चाळीस. बुधवार संध्याकाळ, सहा चाळीस. तिन्ही भेटींत आत शिरल्याची वेळ होती. बाहेर पडल्याची एकाही भेटीत नव्हती.

मंगळवारी सहा चाळीसला ती आत्याला शेंगा फोडून देत होती. फोन मांडीवर होता.

लोकेशनचा घोळ, तिनं ठरवलं. माळावर टॉवर एकच, फोन काहीही दाखवतो. तरी तिनं नागेशला बोलावलं. तंबूच्या जागा आखायच्याच होत्या. अकरा वाजता दोघं उंबऱ्यापाशी पोचले.

नागेश दगडावर उभा राहिला आणि म्हणाला, “तू आलीस होय परत? एकटीच?”

मऊ मातीत पावलं होती. दिशाच्या बुटांची. डाव्या टाचेला विळा लागून चीर गेली होती, ती चीर प्रत्येक डाव्या पावलात स्वच्छ उठली होती. पावलांची एक ओळ दगडापासून हिवरापर्यंत. शेजारी दुसरी. तिच्या शेजारी तिसरी.

“तीन खेपा,” नागेश म्हणाला. “आणि जाताना काय, उडत गेलीस?”

तेव्हा तिनं नीट पाहिलं. तिन्ही ओळी आत जाणाऱ्या होत्या. बाहेर येणारी एकही नव्हती.

नंतरच्या दोन ओळींचं नंतर बघू. पण मंगळवारी ती स्वतः, सकाळी, हिवराखालून उठून या दगडापर्यंत चालत आली होती. ती ओळ कुठं होती? तिनं वाकून शोधली. हिवराच्या बुडाशी बसल्याची खूण होती, उठताना हात टेकल्याची खूण होती, बोटांसकट. त्यापुढे माती कोरी होती.

“वाऱ्यानं पुसली असेल,” ती म्हणाली.

‘वारा लागत नाही’ हे तिनंच लिहिलं होतं, आणि नागेशनं ते वाचलं होतं. तिन्ही ओळी तर अशा होत्या की जणू आत्ता कुणी चालून गेलं.

तंबूंच्या जागा त्यांनी पटपट आखल्या. निघताना नागेश दगडावर चढला, मागं वळला आणि हात जोडल्यासारखं करत म्हणाला, “जातो बाबा.” तिच्या घरचा नियम तिनंच त्याला कधीतरी हसत सांगितला होता. “तू पण म्हणून टाक की. काय बिघडतंय?”

“तू चल रे पुढं.”

तो पुढं झाला. त्याच्या बुटांची बाहेर जाणारी ओळ ठसठशीत उठली होती. दिशानं दगडावरून उतरताना स्वतःच्या पावलांकडे वळून पाहिलं नाही. पाहायला काही हरकत नव्हती. उशीर होत होता, एवढंच.

६

त्या दुपारी तिनं घरात सांगितलं. पप्पा जेवायला आले होते, आबा खाटेवर, आत्या मेथी निवडत होती. “शनिवारी आपल्या उंबऱ्यावर बारा बायका मुक्कामाला येणार आहेत.”

“न्हाय,” आबा म्हणाले.

“का?”

“न्हाय म्हणलं ना.”

“आबा, मी आठवीत नाही आता. आमराई गेली. दुसरी जागा नाही. हे मोडलं तर उद्या माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, मला परत पुण्यात जाऊन कुणाच्या तरी हाताखाली बसावं लागेल. ती जमीन पडून आहे. एक कारण सांगा, मी ऐकते.”

“दिशा, विषय बंद,” पप्पा म्हणाले.

“तुम्ही तर बोलूच नका, पप्पा! गावोगाव जाऊन लोकांना सांगता, प्रश्न विचारा, प्रश्न विचारा. घरात विचारला की थोबाडीत!”

आत्या म्हणाली, “अगं, वस्सकन अंगावर काय जातीस बापाच्या? ही काय अंधश्रद्धा न्हाय, बाय. पेटत्या चुलीत हात घालू नगं म्हणतो, तसं हाय.”

“चूल दिसते, आत्या. हे काय आहे? काय होतं ‘येते’ म्हटलं की? मी म्हटलंय. मंगळवारी. हे घ्या, ऐका, काही झालं का?”

आणि तिनं फोन ताटाशेजारी ठेवून आवाज पूर्ण वर केला. चला, येते. चार सेकंद. ये.

आत्याच्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली. पप्पांनी घास खाली ठेवला. दिशा आरडाओरड्याची वाट पाहत होती, त्याची तयारी करूनच ती बसली होती. ती झाली नाही.

“मंगळवारी कवा?” आबांनी हळूच विचारलं.

“सकाळी.”

“आन् आज बिस्तरवार.” आबांनी बोटांची पेरं मोजली. तीन मोजली आणि थांबले.

“मग? बोला की आता!”

“बोलायचं काय त्यात,” आबा म्हणाले. “ताट वाढलंय तुमचं. बसा. जेवून घ्या.”

दिशा बसलीही. दोन घास खाल्ल्यावर तिच्या लक्षात आलं की आबांनी तिला ‘बसा’ म्हटलं होतं.

७

शुक्रवारी सकाळी आत्यानं तिला चहा आणून दिला तो बशीसकट, निळ्या फुलांच्या कपात. तो कप कपाटात पाहुण्यांसाठी असतो. दिशाचा रोजचा स्टीलचा पेला मोरीवर पालथा घातलेला होता, कोरडा.

“हा काय थाट?” ती म्हणाली.

“असू द्या,” आत्या म्हणाली.

न्हाणीघरात तिच्यासाठी घडी न मोडलेला टॉवेल होता. ती बाहेरच्या खोलीत आली तशी पप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, उठले आणि खुर्ची पुढं सरकवली. आबांनी विचारलं, “मग, आता निघायचं कधी?” अगदी सहज, चौकशी करावी तसं.

ही सत्याग्रहाची नवीन तऱ्हा आहे, तिनं ठरवलं. ओरडून ऐकत नाही म्हणून परकं करायचं. करा. तिनं पायात बूट घातले आणि दारातून नेहमीसारखं म्हणाली, “आत्या, येते गं.”

आतून उत्तर आलं नाही. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पिठाचे, तोंड मिटलेलं. दिशा थोडा वेळ थांबली. चोवीस वर्षांत त्या ‘ये’कडे तिनं कधी लक्ष दिलं नव्हतं.

रस्त्यात शेजारच्या कौसल्याकाकू भेटल्या. डोक्यावर वैरणीचा भारा, तशाच थबकल्या. “अगं, तू हितं कशी? काल दिवस मावळताना पाटापाशी दिसलीस. हाक मारली तर नुस्तीच हसलीस. परवा म्हणं ह्यास्नी वर माळाच्या अंगाला दिसलीवतीस.”

“काल मी घरीच होते, काकू.”

“व्हय? मग माझेच डोळे गेलं म्हणायचं.” त्यांनी भारा सावरला. “पर चांगलं दिसत न्हाय गं पोरी, सांजचं असं पायी फिरणं. रोज आपलं घराकडंच तोंड करून चालली असतीस, ती घरी का पोचत न्हाईस?”

माळ, मग पाट. पाटानंतर पाण्याची टाकी, आणि टाकीच्या पलीकडे त्यांचं घर. दिशाला गणित करायची सवय होती, ते आपोआप झालं. तिनं मान हलवून ते झटकलं आणि दिवसभर बारामतीत राहिली. तंबू मोजून घेतले, बारा चटया, पाण्याचे जार. नागेश एकदाच म्हणाला, “घरचे म्हणतायत तर म्हणून टाक ना तो शब्द. एका शब्दानं काय होतं?”

“मग न म्हटल्यानं तरी काय होतं?”

परत येताना एसटीत खिडकीशी बसल्यावर तिला वाटलं, म्हणून बघावं. इथं कोण ऐकतंय? ओठ हलले. जीभ टाळूला लागली. मग शेजारची बाई बघायला लागली आणि दिशानं तोंड फिरवलं. कशाला? घाबरलं की माणूस म्हणतो. ती घाबरली नव्हती.

८

साडेसहाला ती घरी पोचली. उजेड अजून होता. बाहेर अंगणात नळ आहे. माळावरून आलं की बुटाची माती त्याच्याखाली धुवायची, पायरीवर तीनदा पाय आपटायचा, मग आत यायचं, ही तिची लहानपणापासूनची सवय. आज पाय धुळीचे नव्हते. ती तशीच आत गेली.

बाहेरच्या खोलीत तिघं बसली होती. टीव्ही बंद. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली खाटेवर आबा, खुर्चीत पप्पा, जमिनीवर आत्या. मधोमध एक रिकामी खुर्ची ठेवली होती.

“बस,” पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज एका दिवसात म्हातारा झाला होता.

“उद्याचं काय ते बोला. मी रद्द करणार नाही.”

“नगं करू रद्द,” आबा म्हणाले. “ने तुझ्या बायास्नी. बारा ने, न्हाय तर बाराशे ने. मी सोता येतो जागा दावायला. सहाच्या सहा एकर तुझ्या नावानं करतो. आयुष्यात परत तुला कुणी आडवं जाणार न्हाय. फकस्त एक कर.”

दिशा बघत राहिली. तिला हवं होतं ते सगळं या माणसानं एका दमात दिलं होतं.

“काय?”

“‘जाते’ म्हण.”

“कुठं जाते?”

“कुठं न्हाय. हितंच रहायचं. नुस्ता शबुद म्हण. आमच्या म्होरं. येकदा.”

तिला हसू आलं. “एवढ्यासाठी हा सगळा दरबार? पप्पा, तुम्ही सांगा बरं यांना.”

पप्पांनी चष्मा काढला होता. “म्हण, बाळा. माझ्यासाठी म्हण. मी काल रात्रभर झोपलो नाही.”

“मलाबी असंच बसवलं व्हतं,” आत्या खाली बघत म्हणाली. “तुझ्यापरास ल्हान व्हते. सरपण आणाया गेल्ते, चुकून त्वांडातनं निसटलं. घरी आल्यावर ह्या आबांनी ह्याच घरात इचारलं. मी म्हणलं. येका दमात म्हणलं, ‘जाते’ म्हणून. मग आयेनं मला जवळ घेतलं.”

“आणि नसतं म्हटलं तर?”

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“म्हणजे ही परीक्षा आहे,” दिशा म्हणाली. “या घरात मी जन्मले. त्या पेल्यातून चोवीस वर्षं चहा प्यायले. आणि मी मीच आहे की नाही, हे तुम्हाला एक शब्द म्हणून दाखवायचं?”

“व्हय,” आबा म्हणाले. “तेवढंच.”

बाहेर नळ सुरू झाला.

कुणीच तिकडं पाहिलं नाही. पाण्याची धार आधी फरशीवर पडत होती, मग कशावर तरी पडायला लागली आणि आवाज मऊ झाला. बूट धुताना होतो तसा. आधी उजवा, मग डावा. डाव्याला जरा जास्त वेळ, टाचेच्या चिरेत माती अडकते म्हणून.

भिंतीवरच्या घड्याळात सहा चाळीस झाले होते.

“दिशा,” पप्पा म्हणाले. त्यांनी तिचं नाव घेतलं, पण बघत होते दाराकडे. “दोन अक्षरं आहेत.”

दोनच होती. ती जिभेवर ठेवल्यासारखी तिला तोंडात जाणवत होती. म्हटलं की संपलं. उद्या बारा बायका, तंबू, तिची स्वतःची सहा एकर. पण म्हटलं की थोबाडीतही बरोबर ठरत होती, आठवीतली. सगळी न दिलेली उत्तरं बरोबर ठरत होती. मुलीनं ऐकलं, असं हे लोक आयुष्यभर म्हणणार होते. हेच कारण होतं. दुसरं काही कारण नव्हतं. तिनं ते मनात दोनदा तपासून पाहिलं.

नळ बंद झाला. पायरीवर पाय आपटल्याचा आवाज आला. एकदा. दोनदा. तीनदा.

“नाही म्हणणार,” दिशा म्हणाली. “काय करायचं ते करा. हे माझं घर आहे.”

पप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. एखाद्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं, न रागावता. आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली, मोरीवर पालथा घातलेला स्टीलचा पेला तिनं घेतला, पदरानं कोरडा पुसला आणि तो हातात धरून, दिशाला वळसा घालून, दाराकडे गेली.